आठ का साठ

आमच्याकडे वऱ्हाडात 'हो' म्हणायला 'हाव' म्हणतात. कॉलेजच्या सहलीला पुण्यात गेलो होतो तेव्हा खानावळीच्या काकूंनी भाजीचं पातेलं हातात धरून मला काहीतरी विचारलं. मी सवयीनं 'हाव' म्हटलं. त्यावर त्या आणखी काहीतरी बोलल्या आणि माझ्या सगळ्या मैत्रिणी खिदळल्या. मीही खिदळले. बाहेर आल्यावर एकीनं सांगितलं की काकू म्हणाल्या होत्या, 'अगं, हाव कसली करतेस, पोटापुरतं घे.' तिकडे हाव म्हणजे हावरटपणा. मी पुन्हा हसले, पण आतून गार पडले होते. काकूंचं पहिलं वाक्य मला ऐकू आलं नव्हतं आणि दुसरंही नाही.

हाव हा शब्द फार कामाचा आहे हो. आखूड म्हटला की कबुली होते, लांबवला की 'असं का?' होतं, मान हलवत म्हटला की समोरच्याला वाटतं, ही पोरगी आपलं बोलणं किती मन लावून ऐकून राहिली. मी त्या एका शब्दावर कॉलेजची दोन वर्षं काढली. मला ऐकू येत नाही हे मलाच माहीत नव्हतं म्हणा किंवा माहीत असून मी स्वतःला सांगत नव्हते म्हणा. घरात तर कळायचा प्रश्नच नव्हता. माझे बाबा एसटीत कंडक्टर. परतवाडा, दर्यापूर, अकोला अशा गाड्यांवर आयुष्य गेलेलं. इंजिनाच्या वरून बोलायची सवय अशी की स्वयंपाकघरात मीठ मागितलं तरी मागच्या सीटवरच्याला ऐकू जावं. आई त्यांच्याशी भांडून भांडून तशीच झालेली. आमच्या घरात हळू बोलणारं माणूस आलं की आम्हालाच संशय यायचा की याच्या मनात काय आहे.

मग सगळ्यांनी तोंडाला मास्क लावले आणि माझं पितळ उघडं पडलं. मला वाटलं, आमच्या सगळ्या दर्यापूर गावाला एकाच वेळी सर्दी झाली की काय. दुकानदार पुटपुटतोय, सर पुटपुटतायत, शेजारची काकू बोलता बोलता अर्धं गिळतेय. इतके दिवस मी कानानं नाही, लोकांच्या ओठांनी ऐकत होते, हे ओठ झाकल्यावर समजलं. तरीही मी कोणाला बोलले नाही.

बोलावं लागलं ते विहारात. लॉकडाउन उठल्यावर रविवारची वंदना पुन्हा सुरू झाली होती. त्रिसरण, पंचशील, मग बुद्धवंदना, सगळं लहानपणापासून पाठ. पाठ असलेलं ऐकावं लागत नाही. मी डोळे मिटून, हात जोडून पुढच्या रांगेत बसले होते. त्या दिवशी बाहेरगावचे भन्तेजी आले होते आणि पंचशील झाल्यावर ते थांबून लोकांना काही सांगायला लागले. मी आपली नेहमीप्रमाणे पुढची गाथा सुरू केली, चांगल्या खड्या आवाजात. आईनं मांडीला चिमटा घेतला तेव्हा डोळे उघडले. सगळा विहार माझ्याकडे पाहत होता. भन्तेजी हसले आणि काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, "हाव."

घरी जाताना शेजारच्या काकू कौतुक करत होत्या, "पोट्टी किती तल्लीन झाल्ती वं!" आईनं घराचं दार लावलं आणि माझ्या पाठीमागे उभी राहून तिनं काहीतरी विचारलं. मग पुन्हा विचारलं. मी भांडं विसळत होते, ती मागे आहे हेच मला माहीत नव्हतं. तिनं खांद्याला हात लावला तेव्हा मी दचकून ओरडले. तिच्या चेहऱ्याचा रंग गेला होता.

अकोल्याला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. एका बंद खोलीत बसवून कानावर मशीन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. मला वाटलं, मी भराभर दाबतेय. बाहेर काचेपलीकडे बसलेली तपासणारी मुलगी माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होती की मी बटणाकडेच पाहायला लागले. नंतर तिनं कागदावरची खाली उतरत जाणारी रेघ दाखवली. "जाड आवाज ठीक आहेत," ती म्हणाली. "बारीक आवाज जाऊन राहिलेत. स, श, फ, असे." मग तिनं तोंडासमोर कागद धरला आणि एकेक शब्द म्हणत गेली. तो मी परत म्हणायचा.

मला ऐकू आलं, "आठ." मी म्हटलं, "आठ."

तिनं कागद बाजूला केला. "मी साठ म्हटलं."

पुढचा शब्द मला ऐकू आला "आऊ". मी तसंच म्हटलं. बाबा बाजूच्या खुर्चीवर होते, ते एकदम हसले आणि लगेच गप्प झाले. तिनं 'सासू' म्हटलं होतं. पुढं ही गोष्ट परतवाड्याच्या मावशीला कळली तेव्हा ती म्हणाली, "बाप्पा! चांगलंच झालं की वं! सासू कितीबी बोलली तं ऐकूच येनार नाही तुले." आई हसता हसता रडायला लागली. मग मावशीही रडली. मला दोघींचाही राग आला.

डॉक्टर म्हणाले, नस सुकत चाललीय, हळूहळू वाढेल, किती आणि केव्हा ते सांगता येत नाही. कानामागची मशीन घ्या. बाबांनी मोठ्यांदा विचारलं, "म्हंजे पुरं जाईल काय?" बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं असेल. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते टेबलाकडे पाहून बोलले आणि म्हणून मला ते कळलं नाही. बाबांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. आजवर विचारलेलं नाही.

भीती कशी असते सांगू? रात्री झोप येत नाही वगैरे काही नाही, मला झोप चांगली येते. भीती दिवसा, कामात असते. आई कुकर लावून "तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर" म्हणून शेजारी गेली की मी ओट्याला खिळून त्या शिट्टीचा दांडा उचलला जातो का ते डोळे फाडून पाहायचे. बाकी काही करता येत नसे. मला वाटायचं, आपलं सगळं आयुष्य आता असंच जाणार, शिट्टीकडे पाहत.

त्यात नातेवाइकांचं सुरू झालं. एक काका म्हणाले, "अवो, आता तं लॉटरीच लागली. दिव्यांग कोट्यातून सरकारी नोकरी पक्की." दुसरे म्हणाले, बी.एड. कर, मास्तरीण हो. तिसरे म्हणाले, बँकेची परीक्षा दे. कोणी विचारलं नाही की वर्गात मागच्या बाकावरचं पोरगं काय बोललं ते मला कसं कळणार. किंवा बँकेच्या काचेच्या भोकातून म्हातारा माणूस पुटपुटला तर मी काय 'हाव' म्हणून त्याचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात टाकणार? आणि लॉटरीचं म्हणाल तर तीही लागली नाही. सरकारी दवाखान्यात तपासणीला गेले तर अपंगत्वाची टक्केवारी चाळीसच्या खाली निघाली. चाळीसच्या खाली म्हणजे कोट्यात नाही. तिथले डॉक्टर चांगले होते, समजावून म्हणाले, "वाढलं की परत या."

मी पायऱ्यांवर बसून राहिले. वाढलं की परत या! म्हणजे घरी जाऊन बहिरं व्हायची वाट पाहायची, आंबा अढीत घातल्यासारखी. ऐकणाऱ्यांत बसायला माझा कान पुरत नाही, न ऐकणाऱ्यांत बसायला जास्त पडतो. धड इकडची नाही, धड तिकडची नाही. ही चाळीसची अट आधीच माहीत असती तर बटण कमी वेळा दाबलं असतं, असाही विचार मनात आला. आला तो आला, लाजायचं कायले?

बाबांनी मला अमरावतीला एका मॅडमकडे नेलं. त्यांच्या एका पायाला लहानपणी पोलिओ झालेला, कॅलिपर लावून चालायच्या. बँकेत ऑफिसर होऊन रिटायर झाल्या होत्या. बाबांच्या गाडीनं त्यांनी कितीतरी वर्षं अप-डाऊन केलं होतं, त्यामुळे ओळख. आता त्या घरीच अपंग मुलामुलींना नोकरीच्या वाटा सांगायच्या. फुकट, आणि फार बोलून.

"स्वप्न काय आहे ते मले नको सांगू," त्या सुरुवातीलाच म्हणाल्या. "स्वप्न सगळ्यायची चांगलीच असतात. तू जे काम म्हनशील त्याच्यात कान कुठं कुठं लागते, ते सांग."

मी सांगितलं की बी.एस्सी. झालंय, सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं होतं, आता लॅबचा डिप्लोमा करते. लॅबमध्ये शांत असतं. सूक्ष्मदर्शकाखाली काचेची पट्टी ठेवायची, पाहायचं, मोजायचं. पेशी बोलत नाहीत. हे वाक्य मी घरून तयार करून नेलं होतं. मॅडम ऐकत ऐकत उठल्या आणि ओट्याशी जाऊन चहा ठेवला. त्यांची पाठ माझ्याकडे. बाबा बाहेर गाडी सावलीत लावायला गेलेले. मला अंदाज आला की त्या काहीतरी विचारतायत, कारण मान किंचित हलली.

"हाव," मी म्हटलं.

मान पुन्हा हलली. "हाव हाव," मी म्हटलं.

त्या वळल्या. हसून हसून त्यांना ओट्याला धरावं लागलं. "पोरी, मी इचारलं, तुमच्या घरी हत्ती आहे का? तू म्हने हाव. मी इचारलं, मंग गावात फिरवता का त्याले? तू म्हने हाव हाव!"

मी पण हसले. काय करणार? मग त्यांचं हसू थांबलं आणि माझंही.

"हे बघ," त्या समोर येऊन, तोंड माझ्यासमोर धरून बोलल्या, "मी पायानं लंगडते ते सगळ्यायले दिसते. कोनी मले धाव म्हनत नाही. तुहं दिसत नाही, म्हनून तू लपवतं. लपवून लपवून तुह्या तोंडाले हाव चिकटलं. लॅबमंदी तुले कोनी हत्ती नाही इचारनार. जाशील तिथं पहिल्या दिवशी सांगायचं, मले ऐकू येत नाही म्हून. आन् ऐकू नाही आलं तं म्हनायचं, नाही आलं. म्हन."

"नाही आलं," मी म्हटलं.

"जोरानं."

त्या दिवशी त्यांच्या घरात मी ते दहा-बारा वेळा म्हटलं असेल. घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, "येडी आहे का ते बाई? पहिल्याच दिवशी सांगितलं तं कोन ठेवन तुले? केस सोडून ठेव कानावर. कोनाले सांगू नको." आईचं खोटं होतं का? मला तेव्हाही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. दोघींचंही खरं होतं, म्हणून तर एवढी भीती होती.

डिप्लोमा झाला. अकोल्यात एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. दर्यापूरहून अप-डाऊन. केस कानावर सोडलेले, त्याखाली मशीन. पहिल्या दिवशी मी सांगणार होते, खरंच सांगणार होते. पण दारातून आत पाय ठेवला आणि तिथंच थांबले. सगळ्यांच्या तोंडाला मास्क! डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला कोणी मास्क लावत नसे, त्यामुळे इतका साधा विचार मी केला नव्हता, मॅडमनीही केला नव्हता. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जगभर मास्क असतो. लोकांनी करोनाचे मास्क काढून कधीच फेकले होते आणि मी शोधून शोधून नेमकी अशी नोकरी घेतली होती जिथं ते कायम असतात. वर रक्त फिरवायचं यंत्र घूं घूं करतं, फ्रीज घुरघुरतो, आणि माझी कानामागची मशीन हे सगळं मोठं करून मला ऐकवते. स तेवढा नाही ऐकवत.

आमचे सीनियर टेक्निशियन, त्यांना आम्ही सर म्हणायचो, पन्नाशीचे होते. हात असा की लहान बाळाची नस पहिल्या टोचणीत सापडायची. पण तोंडात कायम खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. अकोल्यात काय, सगळ्या वऱ्हाडात तोंडात खर्रा असलेल्या माणसाचं बोलणं समजून घ्यायची लोकांना सवय असते. तो थुंक सांभाळत, जीभ न हलवता बोलतो आणि समोरचा अंदाजानं ओळखतो. लॅबमध्ये खायची बंदी होती म्हणून सरांचा खर्रा मास्कच्या आत असायचा. खर्रा, त्यावर मास्क, त्यापुढे मी. ते बोलायचे तेव्हा मला "उम् ऊं ऊम्" असं काहीतरी यायचं. मी डोळ्यांवरून, हातात काय आहे त्यावरून, घड्याळात किती वाजलेत त्यावरून ओळखायचे. बहुतेक वेळा बरोबर ओळखायचे. बहुतेक वेळा, या दोन शब्दांनी माझं रक्त आटवलं. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी दिवसभरातले सगळे 'हाव' आठवायचे. कोणता हाव चुकीचा गेला असेल? कोणाची बाटली कोणाच्या नावावर? मूर्तिजापूरच्या पुढं रस्ता खराब होता, गाडी आदळायची, आणि दर आदळण्याला मला वाटायचं, आता फोन येईल.

पावसाळा अर्धा उलटला आणि डेंग्यूची साथ आली. खिडकीसमोर सकाळपासून रांग. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी. त्या किती उतरल्या यावर डॉक्टर ठरवतात की पेशंटला गोळ्या देऊन ठेवायचं की रक्तपेढीकडे पळायचं. मोजायला यंत्र आहे. पण फार कमी झाल्या की यंत्र आकडा सांगत नाही, त्या जागी फुल्या दाखवतं. मग काचेच्या पट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मोजावं लागतं. ते सर करायचे. ते भिंगाला डोळा लावून आकडा सांगायचे आणि मी संगणकावर टाकायचे.

त्या दुपारी एका बाईची पट्टी होती. तरुण बाई, पांढरीफटक. तिचा नवरा खिडकीच्या गजाला धरून उभा होता. त्याला मास्क नव्हता. "मॅडम, रिपोर्ट झाला काय जी?" त्यानं विचारलेलं मला स्वच्छ दिसलं. "होऊन राहिला," मी म्हटलं.

सर भिंगातून डोळा न काढता बोलले. मला ऐकू आलं, "आठ हजार."

आणि माझी बोटं थांबली.

कारण माझा कान दोन्हीला आठच म्हणतो. साठ म्हटलं तरी आठ, आठ म्हटलं तरी आठ. सकाळपासून सरांनी सांगितलेले बरेच आकडे साठच्या, सत्तरच्या घरातले होते. मी मनाशी म्हटलं, स पडला असेल, नेहमीसारखा. मी हुशार झाले होते ना! माझ्या कानानं खाल्लेलं अक्षर मी स्वतःच परत जोडायला शिकले होते. सहाचा आकडा दाबला. मग शून्य. साठ हजार म्हणजे काळजी घ्या, पाणी प्या, उद्या पुन्हा तपासा. आठ हजार म्हणजे तिच्या नाकातून, हिरड्यांतून केव्हाही रक्त सुरू होईल आणि थांबणार नाही.

सरांनी काहीतरी विचारलं. बहुतेक, टाकलं का?

"हाव," माझं तोंड म्हणालं. मी म्हटलं नाही, तोंडच म्हणालं.

नवरा खिडकीतून माझ्याकडे पाहत होता. त्याच्या हातात स्टीलचा डबा होता, कापडात बांधलेला. मला काय झालं सांगू? अमरावतीच्या त्या स्वयंपाकघरातला हत्ती माझ्यासमोर उभा राहिला. खरंच सांगते, देवाशपथ म्हणणार होते पण आमच्यात ती घेत नाहीत. मला वाटलं, विचारलं तर आज नोकरी गेली. नाही विचारलं तर? नाही विचारलं तर मला कधीच कळणार नाही, किंवा उद्या सकाळी कळेल.

मी उठले. सरांच्या खुर्चीजवळ गेले आणि त्यांचा दंड धरला. त्यांनी चमकून डोळा काढला.

"सर, मले ऐकू येत नाही," मी म्हटलं. आवाज किती मोठा होता ते मला माहीत नाही, पण रक्त घेणारी पोरगी, फरशी पुसणाऱ्या मावशी, खिडकीतला नवरा, सगळे वळले. "कमी येते. पहिल्यापासूनच कमी येते. तुमी बोलता ते मी अंदाजानं ओयखते. आठ का साठ?"

सर माझ्याकडे पाहत राहिले. मग काहीतरी बोलले.

"नाही आलं," मी ओरडले. "नाही ऐकू आलं! मास्क काढा!"

त्यांनी मास्क खाली ओढला. ओठ लाल, गालात खर्रा, डोळ्यांत नुसता गोंधळ. बोलायला तोंड रिकामं नव्हतं म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि अंगठे मुडपून आठ बोटं दाखवली.

मी परत गेले. सहा खोडला, शून्य खोडला. आठ टाकला. पडद्यावर बोट ठेवून पुन्हा एकदा वाचला. नवऱ्याला मी म्हटलं, "दादा, पळा. डॉक्टरायले आत्ताच्या आत्ता दाखवा." तो डबा खिडकीवरच ठेवून पळाला. नंतर कळलं की ती बाई वाचली, आठवड्यानं घरी गेली. डबा कोणी नेला ते मला माहीत नाही.

संध्याकाळी लॅबच्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी मास्क काढून टेबलावर ठेवला, म्हणजे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी आधी साठ टाकून हाव म्हटलं होतं, तेही मी सांगून टाकलं. "आधी का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मला रडू येत होतं आणि रडू आलं की मला राग येतो. "सांगितलं असतं तर ठेवलं असतं का?" मी म्हटलं.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग माझ्याकडे सरळ पाहून म्हणाले, "नसतं ठेवलं."

खरं बोलले, याचं मला आजही बरं वाटतं. मी पर्स उचलली. ते म्हणाले, "उद्या ये. काय करायचं ते मला माहीत नाही. पण साठ टाकून हाव म्हणणारी मला नको, आणि उठून विचारणारी मला सोडायची नाही. आता या दोघी एकच आहेत तर मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक पांढरा फळा लागला. आकडा तोंडी सांगायचा नाही, लिहायचा, सगळ्यांनी. सरांनी पहिले दोन दिवस तोंड वाकडं केलं. मग त्यांनाच आवडलं, कारण आता बोलायचीच गरज नाही, खर्रा निवांत राहतो. मला हळूहळू भिंगावर बसवायला लागले. आता साथीच्या दिवसांत मोजणी मीच करते. केस मागे बांधते. मशीन दिसली की लोक तोंड समोर आणून बोलतात, काही जण वेडीशी बोलल्यासारखे बोलतात, त्यांना मी वेड्यासारखीच उत्तरं देते.

पण हे वाचून सगळं बरं झालं असं समजू नका. ही एका लॅबची, एका डॉक्टरांची गोष्ट आहे. ते उद्या लॅब विकतील, दुसरे येतील, तर मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल आणि ते म्हणतील, नको. सरकारी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करते. मॅडमकडे महिन्यातून एकदा जाते, आम्ही दोघी बसून पाहतो की कोणत्या कामात कान कमी लागेल, कारण कान कमीच होत जाणार आहे. यंदाच्या तपासणीत रेघ आणखी खाली आली, आता जाड आवाजही जायला लागलेत. चाळीस आता फार लांब नाही. काकांची लॉटरी पिकत आलीय. आणि बसमध्ये कधी कधी माझी बोटं मांडीवर आपोआप हलतात, सहा, शून्य. मी मूठ आवळून बसते.

परवा संध्याकाळी दर्यापूरच्या स्टँडवर बाबा घ्यायला आले होते. आता रिटायर झालेत, रोज येतात. मी तपासणीचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पाहिला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. मग मला हाताला धरून रसवंतीच्या दिव्याखाली नेलं, माझ्या समोर उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी हळू बोलले. मला आवाज आलाच नाही. ओठ मात्र दिसले, एकेक शब्द दिसला.

"भेव लागते काय वं तुले?"

"हाव," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. "मलेबी," ते म्हणाले.

मग आम्ही गाडीपाशी गेलो. मी कानामागची मशीन काढून पर्समध्ये ठेवली आणि मागे बसले, त्यांनी किक मारली. गाडी सुरू झाल्याचं मला सीटच्या थरथरीवरून कळलं.